झोळीतली झोप

झोळी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोघेच उभे राहतात. एक भिक्षेकरी आणि दुसरे तान्हे मूल. एकाच्या खांद्यावर ती असते, दुसरे तिच्या पोटात असते. त्यामुळे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली, चष्मा लावणारी मुलगी रोज रात्री झोळीत झोपते असे कळले की ऐकणाऱ्याला हसू आवरत नाही. हसू ओसरले की प्रश्न सुरू होतात. मैत्रिणी विचारतात, "पडत नाहीस?" वडीलधारी माणसे विचारतात, "पाठ नाही दुखत?" आणि प्राध्यापक मंडळी हमखास विचारतात, "हे खूळ आले कुठून?" गेल्या दीड वर्षात ही उत्तरे मी इतक्या वेळा दिली आहेत की ती एकदा छापून टाकलेली बरी. प्राध्यापकांचा मान पहिला, म्हणून त्यांच्या प्रश्नापासून आरंभ करते.

हे खूळ अमेरिका खंडातले. इंग्रजीत ज्याला 'हॅमॉक' म्हणतात त्या वस्तूची युरोपियनांना खरी ओळख झाली ती १४९२ साली. त्या वर्षी ऑक्टोबरात कोलंबस बहामा बेटांवर उतरला आणि तिथल्या लोकांची अंथरुणे म्हणजे कापसाच्या जाळ्या आहेत, अशी नोंद त्याने आपल्या रोजनिशीत केली. ते लोक ताइनो. त्यांचा शब्द 'हमाका'. स्पॅनिश लोकांनी तो उचलला आणि त्यातला 'ह' गिळून 'आमाका' केला; इंग्रजांनी त्याचा हॅमॉक केला. डच लोकांची तऱ्हा आणखी मजेची. त्यांना या परक्या शब्दात आपल्याच भाषेतले दोन शब्द ऐकू आले आणि त्यांनी त्याचे 'हांगमाट', म्हणजे 'टांगलेली चटई', करून टाकले. भाषाशास्त्राच्या तासाला लोकव्युत्पत्तीचे उदाहरण विचारले तर हे खुशाल द्यावे. पोर्तुगीजांनी मात्र शब्द उसना घेतला नाही. १५०० साली त्यांचे आरमार ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले तेव्हा बरोबरचा लेखनिक पेरो वाझ दे कामिन्य याने राजाला एक लांबलचक पत्र लिहिले. तिथल्या घरांत खांबाखांबांना जाळी बांधलेली असते आणि ऊब मिळावी म्हणून लोक तिच्याखाली शेकोटी पेटवतात, असे त्याने त्यात कळवले. कोळ्याच्या जाळ्याला पोर्तुगीजात 'रेद' म्हणतात, तोच शब्द त्याने या अंथरुणाला लावला. ब्राझीलमध्ये आजही तेच नाव आहे.

पुढे ही झोळी जहाजांवर चढली. इंग्लंडच्या आरमाराने १५९७ च्या सुमारास ती स्वीकारली. तोवर खलाशी डेकवर मिळेल त्या जागी आडवे होत आणि जहाज कलले की गडगडत. झोळीत ही अडचण नाही. जहाज कलते, झोळी सरळ लोंबत राहते. पण जागेची काटकसर इतकी की प्रत्येक खलाशाच्या वाट्याला अवघी चौदा इंच रुंदी नेमून दिलेली असे. सकाळी झोळ्या घट्ट गुंडाळून जहाजाच्या कडेच्या जाळीत रचत, म्हणजे लढाईत बंदुकीच्या गोळ्यांना तेवढाच आडोसा. आणखी एक गोष्ट जाता जाता सांगते. नोव्हेंबर १९६९ मध्ये 'अपोलो १२'चे दोन अंतराळवीर चंद्रावर मुक्कामाला राहिले, तेव्हा त्यांच्या यानात झोपण्यासाठी झोळ्याच टांगलेल्या होत्या. 'अपोलो ११'च्या वीरांना ती सोय नव्हती.

परंतु खलाशी काय, अंतराळवीर काय, हे झोळीचे पाहुणे. तिचे माहेर घरात आहे, आणि तेच मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे हॅमॉकचे चित्र दिसते ते जाहिरातीत : दोन माडांच्या मधे, गॉगल लावलेला, शहाळे पिणारा कोणी सुखवस्तू माणूस. मेक्सिकोच्या युकातान प्रांतात हे चित्र दाखवले तर लोकांना नवल वाटेल. तिथल्या माया लोकांच्या घरांत झोळी हेच अंथरूण. आजी झोळीत, नातू झोळीत, नवराबायकोची मोठी झोळी वेगळी. भिंतींत आकडे बसवलेले असतात. नव्या सिमेंटच्या घरांतही असतात आणि हॉटेलांच्या खोल्यांतही. रात्री झोळ्या टांगायच्या, सकाळी एक टोक सोडून, गुंडाळून दुसऱ्या आकड्याला अडकवायच्या, की निजायची खोली तीच बसायची खोली होते. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो अशा मुलखात गादीवर पाठ भिजते. जाळीच्या झोळीला खालूनही वारा लागतो. जमिनीवरचा विंचूकाटा, मुंगी, ओल यांचाही संबंध येत नाही.

मेरिदा शहराजवळ तिश्कोकोब नावाचे गाव या विणकामासाठी प्रसिद्ध आहे. दोन उभ्या खांबांची लाकडी चौकट, हातात धोटा, आणि बायका घरकामातून सवड काढून वेटोळ्यामागून वेटोळे विणत असतात. सूत आता कापसाचे किंवा नायलॉनचे. पूर्वी एनेकेन नावाच्या झाडाचा वाख वापरीत. हे एनेकेन म्हणजे आपल्या शेताच्या बांधावर दिसणाऱ्या घायपाताचा भाऊबंदच. घायपाताच्या पात्या सोलून, कुटून आपल्याकडे दोर वळत, हे खेड्यातल्या मुलांना सांगायला नको.

ब्राझीलच्या ईशान्य भागात जाळीऐवजी विणलेले जाड कापड असते आणि दोन्ही कडांना झालर लोंबते. पराइबा राज्यातले साओ बेन्तु हे गाव या धंद्यावरच उभे आहे. ॲमेझॉन नदीवरच्या प्रवासी बोटींत तर तिकीट काढायचे आणि झोळी आपली आपण न्यायची. मानाउसहून बेलेंपर्यंत चार-पाच दिवस शेकडो माणसे ओळीने टांगलेली असतात. लुईस दा कामारा कास्कुदो या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने १९५९ साली केवळ या झोपण्याच्या झोळीवर एक ग्रंथ लिहिला. आपल्या पाळण्यावर, बाजेवर किंवा गोधडीवर असे कोणी लिहील तर मी पदरचे पैसे खर्चून विकत घेईन.

आता पाठीचा प्रश्न. जो माणूस प्रथमच झोळीत शिरतो तो दोन आकड्यांच्या रेषेत, सरळ लांब होतो. तसे झोपले की अंगाचे केळे होते : डोके वर, पाय वर, कंबर खाली. अर्ध्या तासात पाठ बोलू लागते आणि तो माणूस झोळीला कायमचे नाव ठेवतो. युकातानमधले लोक तिरपे झोपतात. डोके एका कडेला, पाय विरुद्ध कडेला. अशाने शरीर कापडाच्या वाकाला छेद देत पडते, कापड कडेकडे ताणून पसरते आणि पाठ जवळजवळ सपाट होते. यासाठी कापड रुंद हवे, निदान पाच फूट. अरुंद झोळीत तिरपे होताच येत नाही. चौदा इंचांतल्या खलाशांनी काय भोगले असेल ते तेच जाणोत. बागेत टांगायला मिळतात त्या दोन्ही टोकांना दांडी घातलेल्या झोळ्या दिसायला सपाट आणि ऐसपैस, पण त्यांत माणूस वरच्यावर राहतो आणि कूस बदलताच उलटतो. रोजच्या झोपेला त्या कामाच्या नाहीत.

तिरपे झोपायचे तर झोळी सैल टांगली पाहिजे. इथे आमच्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही थोडी त्रिकोणमिती आठवावी लागते. आपली समजूत अशी की दोरी जितकी ताठ तितकी झोळी सपाट आणि तितकी ती मजबूत. गोष्ट नेमकी उलटी आहे. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर ६० किलोच्या माणसामुळे प्रत्येक आकड्यावर ६० किलोंचाच ताण येतो. कोन १० अंशांवर आणला की तोच ताण १७३ किलो होतो, आणि ५ अंशांवर ३४४ किलो! माणूस तोच, आकडा तोच. फक्त दोरी ताठ केली. दोन बायका ओला लुगडा पिळून ताणून धरतात आणि मधे कोणी बोट टेकले तरी दोघींचे हात ओढले जातात, त्यातलाच हा प्रकार. म्हणून झोळी लोंबती हवी, 'हसरी' हवी असे मी म्हणते. माझे कापड अकरा फुटांचे आहे आणि टांगल्यावर त्याच्या दोन टोकांमधले सरळ अंतर नऊ फुटांच्या आसपास येते. आकडे एकमेकांपासून बारा फुटांवर, जमिनीपासून सव्वापाच फुटांवर. मी आत बसले की खुर्चीइतक्या उंचीवर येते.

कापड म्हणजे जाडे मांजरपाट, दुहेरी. दोन पाट लांबीत जोडून रुंदी साधली आणि दोन्ही टोकांना लुगड्याच्या घालतात तशा निऱ्या घालून त्या दोराने आवळून बांधल्या. नायलॉनची दोरी वजनाने ताणते आणि पहाटेपर्यंत माणूस चार बोटे खाली येतो. काथ्याची दोरी आकड्यावर घासून झिजते. पॉलिएस्टरची बरी. आकडे भिंतीत नव्हे, काँक्रीटच्या खांबांत बसवले आहेत. चार इंची विटांच्या भिंतीत ते कधीही बसवू नयेत, कारण झोळीचा ओढा नुसता खाली नसतो, आतही असतो. ३० अंशांवर टांगलेली झोळी ६० किलोच्या माणसामुळे भिंतीला ५२ किलोंच्या जोराने खोलीत ओढत असते. भाड्याच्या घरात घरमालकाला आधी विचारावे, हे वेगळे सांगत नाही. दोरीची गाठ आणि निऱ्यांची मान महिन्यातून एकदा उजेडात धरून पाहावी.

पडण्याच्या प्रश्नाचे उत्तर यामुळे सोपे होते. झोपलेला माणूस पडत नाही, कारण कापडाच्या दोन्ही कडा त्याच्यापेक्षा उंच असतात. पडतो तो चढताना, गुडघा टेकून शिरायला गेला तर. आधी मधोमध बसावे, मग पाठ टेकावी, मग पाय वर घ्यावेत.

झुलण्याचे सुख मात्र मोजूनमापून सांगावे लागेल. झुलवले की मूल झोपते हे आईला कोणी शिकवावे लागले नाही. पण मोठ्यांचे काय? जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली १२ पुरुषांना दुपारी पाऊण तास झोपवून पाहिले, एकदा स्थिर आणि एकदा झुलत्या पलंगावर. झुलताना ते लवकर झोपले. २०१९ साली त्यांनी १८ तरुण-तरुणींना पुरी रात्र झुलवले. त्यांना झोप लवकर लागली, गाढ झोप अधिक मिळाली आणि आदल्या रात्री पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या सकाळी अधिक चांगल्या आठवल्या. त्याच सुमारास उंदरांवरही प्रयोग झाले. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे जे बारीक खडे असतात ते ज्या उंदरांत नीट काम करीत नव्हते, त्यांना झुलण्याचा काही उपयोग झाला नाही. म्हणजे अंगाईचे निम्मे काम कानच करतो, पण सूर ऐकून नव्हे, झोका ओळखून. परीक्षेच्या तोंडावर ही बातमी वर्गात सांगितली तेव्हा चार जणींनी झोळी शिवायला टाकण्याची भाषा केली. त्यांना मी एवढेच सांगितले की जिनिव्हाचा पलंग यंत्रावर रात्रभर चालत होता, दर चार सेकंदांना एक झोका. माझी झोळी दोन सेकंदांत एक झोका घेते आणि पाच-सात मिनिटांत थांबते. चार सेकंदांचा झोका हवा तर ती चार मीटर उंचीवरून टांगावी लागेल, आणि तेवढे उंच छत आमच्या तालुक्यात फक्त देवळाच्या सभामंडपाला आहे.

मग मी झोळीत का झोपते? जागेसाठी. आमचे घर दोन खोल्यांचे, घरकुल योजनेतले. या योजनेच्या ग्रामीण घराला २०१६ पासून किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरवलेले आहे. म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. माणसे पाच. सहा बाय तीनची एक खाट १८ चौरस फूट अडवते; पाच खाटा ९० चौरस फूट, म्हणजे एक तृतीयांश घर, तेही दिवसरात्र. म्हणून खाट एकच, आजीची. बाकीच्यांनी जमिनीवर, आणि आमच्या डोंगराळ भागात जून ते सप्टेंबर जमिनीला ओल येते, सतरंजी सकाळी वाळत घालावी लागते. आई पाचला उठते ती आम्हा दोघा भावंडांना ओलांडूनच. प्रामाणिकपणे सांगायचे तर रात्री झोळीही जागा खातेच, खोलीची पुरी लांबी खाते. पण सकाळी ती खुंटीवरचे एक गाठोडे असते. घरात मुलीला स्वतःची खोली मिळणे दूरच; स्वतःचे अंथरूण, ज्याच्या कडा वर येतात आणि ज्यात पुस्तक घेऊन पडले की कोणी दिसत नाही, तेवढे मला मिळाले.

आजीचा याला सक्त विरोध होता. "झोळीत एक तर तान्हं पोर, नाहीतर खाली उतरवायचा माणूस. धडधाकटानं त्यात निजू नये," असे ती म्हणाली. पहिल्यांदा मला ते जुन्या माणसाचे बोलणे वाटले. मग आईने सांगितले. आमची जुनी वाडी डोंगरावर होती आणि तिथे रस्ता नव्हता. आजोबांना ताप चढला तेव्हा घोंगडीची झोळी करून ती बांबूला बांधली आणि चौघांनी त्यांना भर पावसात खाली आणले. तीन तास लागले. ते परत वर गेले नाहीत. सह्याद्रीत आणि सातपुड्यात ज्या वाड्यापाड्यांना रस्ता नाही तिथून आजही आजारी माणसे, अडलेल्या बायका अशाच झोळीतून आणतात. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात तशी बातमी येते.

हे कळल्यावर मी वाचत गेले तेव्हा दिसले की झोळीच्या मुलखातही तिला ही दुसरी बाजू आहे. ब्राझीलमध्ये गुलामगिरीच्या काळात मालक झोळीत पहुडत आणि दोन गुलाम ती बांबूवरून खांद्यावर वाहत. त्याच ब्राझीलच्या ईशान्येला, दुष्काळी मुलखात, गरिबाला शवपेटी परवडत नसे. तो ज्या झोळीत झोपला तिच्यातूनच त्याला पुरायला नेत. कान्दिदो पोर्तिनारी या चित्रकाराने १९४४ साली याच विषयावर चित्र काढले आहे. दोन माणसे झोळी वाहत आहेत आणि बायका आक्रोश करीत आहेत. खलाशी समुद्रावर मेला तर त्यालाही त्याच्याच झोळीत शिवून पाण्यात सोडत. म्हणजे आजी बोलली ते युकातानमध्ये नाही, पण ब्राझीलच्या कुठल्याही म्हातारीला लगेच पटले असते. मी तिच्याशी वाद घातला नाही. तिने एकच अट घातली : उत्तरेकडे डोके करायचे नाही. आमचे खांब सुदैवाने पूर्वपश्चिम आहेत. मी तिरपी झोपत असल्यामुळे डोके नक्की कोणत्या दिशेला येते, याचा हिशेब ती अजून करते आहे.

झोळीत पालथे झोपता येत नाही. कुशीवर येते, पण सवय लागते. मणक्याचे किंवा कमरेचे दुखणे असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय या भानगडीत पडू नये, आणि ज्यांना उठताना हाताचा आधार लागतो त्यांना खाटच बरी. थंडीत गंमत होते : वरून दोन चादरी घेतल्या तरी पाठ गारठते, कारण खालून वारा लागतो. त्यासाठी पाठीखाली गोधडी हवी. कामिन्यच्या पत्रातली शेकोटी का होती ते पहिल्याच डिसेंबरात मला उमगले. तान्ह्या मुलांबद्दल मात्र बालरोगतज्ज्ञ बजावून सांगतात की झोपलेले बाळ पाठीवर, सपाट आणि टणक जागी असावे. झोळीत त्याची मान छातीकडे वाकून श्वास कोंडू शकतो. शेतात बाभळीला लुगड्याची झोळी बांधून निंदणीला जाणाऱ्या बाईला हे सांगणे सोपे आहे. तिला सपाट आणि टणक जागा कुठे आहे ते दाखवणे कठीण आहे. निदान घरात तरी, बाळाला झोप लागली की त्याला उचलून खाली सपाट निजवावे.

धाकट्या भावाने आता स्वतःसाठी झोळी मागितली आहे. मांजरपाट आणले आहे, निऱ्या मी घालून देणार आहे. पण उरलेल्या दोन भिंती चार इंची आहेत आणि तिसरा खांब स्वयंपाकघरात, चुलीच्या वर येतो. गवंडीकाका येत्या रविवारी येऊन बघतो म्हणाले आहेत.